सरकार आणि धर्मगुरू एकत्र काम करतात म्हणजे नेमकं काय करतात?

गणेशोत्सवाच्या दोन-तीन आठवडे आधी आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. काही वर्षांपूर्वी शेजारच्या काकूंनी मला पहिल्यांदा तिथे नेलं. वरच्या मजल्यावरचा हॉल, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर पोलीस निरीक्षक, त्यांच्या शेजारी क्षेत्रीय कार्यालयाचे अभियंता आणि वीज कंपनीचा एक माणूस. खुर्च्यांवर गणेश मंडळांचे कार्यकर्ते, दोन मशिदींचे विश्वस्त, एक मौलाना, चर्चचे फादर, बुद्धविहारातले एक गृहस्थ, आणि मागच्या रांगेत आम्ही चार बायका. मला वाटलं होतं, एकात्मतेवर भाषणं होतील. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका गुलमोहराच्या फांदीवर.

फांदी रस्त्यावर खाली झुकली होती. मंडळाचा रथ तिच्याखाली अडकला की कळस उतरवायचा, फांदी दोरीने ओढून धरायची, रथ पुढे काढायचा आणि कळस पुन्हा चढवायचा. यात पंचवीसएक मिनिटं जायची. झाड नेमकं मशिदीच्या दारासमोर. रथ थांबला तरी ढोल थांबत नाहीत. आत इशाची नमाज सुरू झालेली, बाहेर नमाजाला निघालेली माणसं गर्दीत अडकलेली. दर वर्षी तिथेच बाचाबाची ठरलेली. मौलाना उठून म्हणाले, "साहेब, ढोल वाजवू नका असं आम्ही म्हणत नाही. रथ तिथे थांबू नये, एवढं बघा." मंडळाचा अध्यक्ष लगेच म्हणाला, "आम्हाला तरी कुठे थांबायचंय? फांदी काढून द्या." अभियंत्यांनी तिथूनच उद्यान विभागाला फोन लावला. चार दिवसांनी फांदी उतरवली गेली आणि त्या वर्षी मिरवणूक मशिदीसमोरून सात-आठ मिनिटांत पुढे गेली.

पेपरात 'दोन गटांत तणाव' असं जे छापून येतं, त्याच्या मुळाशी कितीदा तरी अशी एखादी फांदी असते. ती दिसायला मंडळ, मशीद, पोलीस आणि उद्यान विभाग एका खोलीत बसावे लागतात. आपापल्या जागी बसून ती कोणालाच पूर्ण दिसत नाही.

सर्वधर्मीय सहकार्य म्हटलं की आपल्याला व्यासपीठ आठवतं. टोपी, भगवं उपरणं, पांढरा झगा, हातात हात घेतलेला फोटो. असे कार्यक्रम व्हायला हवेत, त्यांनी वातावरण निवळतं. पण काम होतं ते त्या लाल खुर्च्यांवर. ते कसं चालतं, त्याला कायद्याचा आधार काय आणि ते कुठे बिघडतं, हे समजून घेऊ.

कोणाकडे काय असतं

सरकारकडे कायदा आहे, पैसा आहे, डॉक्टर, टँकर, अग्निशमनच्या गाड्या आहेत. पण लोकांच्या उंबऱ्याच्या आत त्याचा शब्द चालेलच असं नाही. धर्मगुरूकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे असते ओळख. बारशापासून दहाव्यापर्यंत, निकाहापासून जनाज्यापर्यंत तो घरात आलेला असतो. आजी डॉक्टरचं ऐकत नसली तरी त्याचं ऐकते.

ही ओळख बाजूला सारून फक्त सत्तेच्या जोरावर काम केलं तर काय होतं, हे पुण्याइतकं कुठल्याच शहराने भोगलेलं नाही. 1897 च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग पसरला. वॉल्टर रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली प्लेग समिती नेमली गेली आणि घरं तपासायला गोरे सैनिक पाठवले गेले. रोगाचा धोका खरा होता. रुग्ण वेगळे ठेवायलाच हवे होते. पण सैनिक बुटांसकट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले, बायकांना उघड्यावर तपासल्याच्या तक्रारी झाल्या, सामान जाळलं गेलं. लोक रुग्ण लपवू लागले. रोग आटोक्यात आणण्यासाठी जे केलं, त्यानेच रोग घराघरांत दडला. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

याच प्लेगमधली दुसरी बाजूही पुण्याचीच आहे. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी शहराबाहेर दवाखाना चालवला, रुग्णांना स्वतः उचलून आणलं, आणि त्यातच 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई गेल्या. टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय निघालं. मुंबईत तर वेगवेगळ्या जातीजमातींनी आपापली रुग्णालयं उभी केली. सरकारी इस्पितळाचं नाव काढलं तरी पळणारी माणसं तिथे यायला तयार होत, कारण पाणी कोण देतं, स्वयंपाक कोण करतं, मेल्यावर अंत्यविधी कसा होईल हे त्यांना ठाऊक असे. पुढच्या काही वर्षांत सरकारनेही सक्ती सैल केली. त्यासाठी पुण्याने फार मोठी किंमत मोजली होती.

सहकार्याचा जुना नमुनाही शहरात उभा आहे, आपण त्याच्या बाजूने रोज जातो. ससून रुग्णालय 1867 साली उभं राहिलं ते बगदादहून आलेल्या ज्यू व्यापाऱ्याच्या, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून, आणि ते चालवलं सरकारने. ससून यांची समाधी कॅम्पातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात आहे. आज त्याच ससूनमधल्या रुग्णांना दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टकडून जेवण जातं. ज्यू दात्याच्या नावाच्या सरकारी रुग्णालयात गणपतीच्या ट्रस्टचं जेवण, आणि खाटेवर कोणत्याही धर्माचा माणूस. याबद्दल कोणी भाषण करत नाही, ते रोज चालू असतं. बंडगार्डनचा बंधाराही असाच, सर जमशेटजी जीजीभाई या पारशी दात्याच्या पैशातून झालेला.

धर्मातली मोकळी जागा

मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट आता सांगते. आपण समजतो की धर्मगुरूचं काम म्हणजे सरकारचा निरोप लोकांपर्यंत पोचवणं. तेवढ्यासाठी भोंगा पुरला असता. धर्मगुरूला जे माहीत असतं आणि जिल्हाधिकाऱ्याला कधीच माहीत नसतं, ते म्हणजे धर्माच्या नियमातली मोकळी जागा. कोणती गोष्ट हलवता येते, कोणती येत नाही, कशाला पर्याय आहे.

2022 साली 10 जुलैला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. 2023 साली 29 जूनला पुन्हा तसंच झालं. पंढरपुरात आणि राज्यात ठिकठिकाणी मुस्लिम समाजाने ठरवलं की एकादशीच्या दिवशी कुर्बानी करायची नाही. हे शक्य झालं, कारण कुर्बानीला शरियतमध्ये एकच दिवस ठरलेला नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही ती करता येते. नमाज मात्र त्याच सकाळी. आता हेच पोलीस अधिकाऱ्याने फर्मान काढून सांगितलं असतं, तर ते धर्मावरचं आक्रमण वाटलं असतं. मौलानांनी सांगितलं तेव्हा ती शेजाऱ्याची आस्था सांभाळणं झालं.

2023 सालीच 28 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आली. मुंबईसह अनेक ठिकाणी मुस्लिम संघटनांनी ईदचा जुलूस पुढे ढकलला आणि राज्य सरकारने ईदची सुट्टी 29 तारखेला केली. इथे दोन्ही बाजूंनी हात पुढे आला. जुलूसची तारीख हलवणं ही समाजाची तयारी, सुट्टी हलवणं हे सरकारचं काम. सुट्टी हलली नसती तर कामावर जाणाऱ्या माणसाला जुलूसला येताच आलं नसतं आणि त्याग एकाच बाजूने केल्याची सल राहिली असती.

सण असे एकत्र का येतात, हे सांगायलाच हवं, कारण बऱ्याच जणांना तो दर वेळी योगायोग वाटतो. इस्लामी महिना चंद्रकोर दिसल्यापासून सुरू होतो, म्हणजे अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी. बकरी ईद महिन्याच्या दहाव्या दिवशी असते. अमावास्येपासून मोजलं तर हा दिवस शुद्ध दशमी-एकादशीच्या आसपास पडतो. तसाच मोहरमचा दहावा दिवस. ईद-ए-मिलाद बाराव्या दिवशी, म्हणजे आपल्या त्रयोदशी-चतुर्दशीच्या जवळ. चंद्र एकच, त्यामुळे महिने जुळले की तिथीही जुळते. फरक एवढाच की आपल्या पंचांगात साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येऊन वर्ष ऋतूंशी जुळवून घेतो आणि इस्लामी वर्ष 354-355 दिवसांचंच राहतं. म्हणून दोन अधिक महिन्यांच्या मधल्या काळात तेच दोन महिने जोडीने चालतात, दोन-तीन वर्षं सण एकत्र येतात आणि पुढचा अधिक महिना आला की जोडी सुटते. 2018 ते 2020 गणेशोत्सवात मोहरम आला. 2023 ते 2025 ईद-ए-मिलाद अनंत चतुर्दशीच्या दिवशी किंवा तिच्या आदल्या दिवशी आली. साधारण साडेबत्तीस वर्षांनी हे चक्र पुन्हा फिरून येतं. म्हणजे पुढची जुळणी आजच कागदावर मांडता येते. तरीही आपण ती आदल्या महिन्यात कळल्यासारखी धावपळ करतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मोकळ्या जागेची अजून दोन उदाहरणं देते. एक आमच्या गॅलरीतलं. पुणे महापालिका राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींसाठी अमोनियम बायकार्बोनेट वाटू लागली. बादलीभर पाण्यात ही पावडर टाकायची, मूर्ती सोडायची आणि अधूनमधून ढवळायचं. काही दिवसांत मूर्ती विरघळते, तळाशी चुन्यासारखा साका राहतो आणि वरचं पाणी झाडांना खत म्हणून चालतं. रसायन उत्तम, पण सासूबाईंना बादलीत विसर्जन ही कल्पनाच सहन होईना. "नदी सोडून बादलीत? देव कोपेल." सोसायटीतल्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "उत्तरपूजा झाली, अक्षता टाकल्या की देवत्व गेलं. पुढे पाणी शुद्ध हवं एवढंच. बादलीतल्या पाण्यात गंगेचं स्मरण करा." सासूबाईंनी स्वतः बादली घासून घेतली, तिला हळदीकुंकू लावलं. महापालिकेची पत्रकं त्याआधी तीन वर्षं आमच्या दारात येत होती.

दुसरं उदाहरण पार आफ्रिकेतलं. 2014 साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली. मृतदेहाला स्पर्श झाला की लागण होत होती आणि तिथल्या रिवाजात मयताला आंघोळ घालणं अत्यावश्यक होतं. पांढऱ्या पोशाखातली पथकं येऊन प्रेत पिशवीत घालून नेत, त्यामुळे लोक प्रेतं लपवू लागले. 1897 चं पुणेच म्हणायचं. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये दफनाची पद्धत बदलली ती ख्रिस्ती आणि मुस्लिम संस्थांशी बोलून. पाण्याच्या आंघोळीऐवजी तयम्मुम, म्हणजे पाण्याशिवायची शुद्धी, चालते हे इस्लाममध्ये आधीपासूनच होतं. ते सांगायला जाणता माणूस लागला. कुटुंबाला दुरून का होईना हजर राहता येईल, प्रार्थना म्हणता येईल, अशी सोय झाली.

कायदा काय म्हणतो

सरकार निधर्मी आहे तर त्याने मशीद-मंदिराच्या भानगडीत पडावंच का, असं काही जण विचारतात. प्रश्न योग्य आहे. आपल्या राज्यघटनेच्या कलम 25 ने प्रत्येकाला धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे, पण त्याच वाक्यात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा घातली आहे. मिरवणूक, लस, पाणी, आवाज हे विषय नेमके याच तीन शब्दांत बसतात. म्हणजे पूजा कशी करावी हे सरकार सांगणार नाही, पण पूजेला जमलेल्या गर्दीला शौचालय आणि रुग्णवाहिका हवी हे पाहणं त्याचं काम आहे. कलम 27 सांगतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी लावलेला कर भरायची सक्ती कोणावर करता येणार नाही. पालखीच्या वाटेवर फिरती शौचालयं उभारणं हा धर्मप्रसार नव्हे, ती त्या दिवशी रस्त्यावर असलेल्या नागरिकांची सोय आहे. हीच सोय उरूस, जत्रा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि माऊंट मेरीच्या यात्रेलाही मिळायला हवी. कसोटी लावायची ती इथे.

आवाजाचंही तसंच. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. नियम सर्वांना एक असला की शांतता समितीतलं निम्मं भांडण तिथेच मिटतं. एका भोंग्याला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा असं लोकांना दिसलं, की मात्र कितीही बैठका घ्या, लोक येतात, चहा पितात आणि जातात.

काही बाबतींत कायदा धर्मगुरूला थेट जबाबदार धरतो, हे फार जणांना माहीत नसतं. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार मुलगी 18 च्या आणि मुलगा 21 च्या आत असेल, तर लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुरुजी, काझी, फादर, भन्ते कोणीही असो. म्हणून अक्षय्य तृतीयेच्या आधी प्रशासन धर्मगुरूंना गाठतं. मुहूर्त काढण्याआधी जन्मदाखला मागा, एवढीच विनंती असते. जिथे ही सवय लागते तिथे मुलीच्या बापालाही एक सबब मिळते: "गुरुजी तयारच नाहीत, काय करू." भावकीचा दबाव झेलताना अशी सबब फार मोलाची असते.

भिवंडीने काय केलं

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना भिवंडी टाळून चालणार नाही. 1970 आणि 1984 असे दोनदा भिवंडीत भीषण दंगे झाले. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे तिथे आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. सुमारे सत्तर. प्रत्येकीत त्याच गल्लीत राहणारे हिंदू आणि मुसलमान, जोडीला पोलीस. यंत्रमाग कामगार, दुकानदार, शिक्षक अशी साधी माणसं. बैठका नेहमीच्या, दंग्याची चाहूल नसतानाही. विषय नळाचे, उधारीचे, नवरा-बायकोच्या भांडणांचे. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत सुमारे 900 माणसं मेली. दंग्यांसाठीच ओळखली जाणारी भिवंडी त्या दिवसांत शांत राहिली. अफवा आली की ती खरी की खोटी हे विचारायला पलीकडच्या गल्लीतला ओळखीचा माणूस होता, म्हणून.

मुंबईने यातून धडा घेतला आणि 1994 नंतर तिथे मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली. निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे हे त्यात पुढे होते. (पुण्यात मोहल्ला कमिटी म्हटलं की क्षेत्रीय कार्यालयातली नागरी तक्रारींची बैठक डोळ्यांसमोर येते. ती वेगळी. पण खड्डे आणि सलोखा यांचं नातं पाहता दोन्ही एकत्र भरवल्या तर बरं, असं मला मनापासून वाटतं.)

भिवंडीतून मी दोन गोष्टी घेते. एक, बैठका शांततेच्या दिवसांत व्हायला हव्यात. आग लागल्यावर ओळख करून घ्यायला वेळ नसतो. दोन, तिथे धर्मगुरूंपेक्षा शेजारी जास्त होते.

पोलिओचंही असंच. 2000 नंतरच्या वर्षांत पश्चिम उत्तर प्रदेशात काही मुस्लिम वस्त्यांत लोक डोस नाकारत होते, या थेंबांनी मूल पुढे वांझ होतं अशी अफवा होती. इमामांनी मशिदीतून आवाहन केलं, स्वतःच्या नातवंडांना थेंब पाजले, अलीगढ आणि जामियासारख्या विद्यापीठांनी साथ दिली. हे सगळे सांगतात. कमी सांगितलं जातं ते असं की लोकांची खरी तक्रार वेगळीच होती: गटार तुंबलंय, तापाला डॉक्टर मिळत नाही, आणि तुम्ही महिन्यागणिक फक्त दोन थेंब घेऊन येता. उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या सर्वाधिक धोक्याच्या 107 तालुक्यांत, ज्यांना तिकडे ब्लॉक म्हणतात, 2009 पासून स्वच्छता, पाणी आणि जुलाबावरचे उपचार यांवरही काम सुरू झालं. 13 जानेवारी 2011 ला देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडला, तो पश्चिम बंगालमधल्या हावड्यात. 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. इमामाच्या शब्दाला वजन होतं, पण सरकारने गटार साफ केलं नसतं तर ते वजन किती दिवस पुरलं असतं?

बिघडतं कुठे

पहिली चूक, धर्मगुरू म्हणजेच समाज असं सरकारने समजणं. पुण्याने तरी ही चूक करू नये. 1873 साली जोतीराव फुल्यांनी इथेच सत्यशोधक समाज स्थापन केला तो देव आणि माणसाच्या मध्ये मध्यस्थ नको म्हणून. 1970 साली हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं तेही याच शहरात. तलाकपीडित बाईचा प्रश्न कोणत्याच धर्मगुरूंच्या बैठकीत आधी निघत नाही. देव न मानणाऱ्या माणसालाही डेंग्यू होतो. त्यामुळे बैठकीची यादी करताना मठ, मशीद, चर्च यांच्या पलीकडे जाऊन अंगणवाडी सेविका, रिक्षा संघटना, शाळेचे मुख्याध्यापक, वस्तीतल्या बचत गटाच्या ताई यांना बोलवावं लागतं.

दुसरी चूक देवघेवीची. एखादा धर्मगुरू प्रशासनाला मदत करतो, मग त्याचं एखादं बांधकाम डोळ्याआड केलं जातं, निवडणुकीत तो मतांचा ठेकेदार होतो. एकदा हे झालं की वस्तीतला त्याचा शब्द संपतो, आणि सरकारला हवा होता तो शब्दच. मी अशी माणसं पाहिली आहेत, ज्यांच्या कार्यालयात अधिकाऱ्यांसोबतचे फोटो भिंतभर आहेत आणि गल्लीत त्यांना कोणी विचारत नाही.

तिसरी, सरकारचा कल. एका सणाला मंत्री हजर आणि दुसऱ्याच्या आधी फक्त बंदोबस्ताची बैठक, असं झालं की आलेली माणसं स्वतःला पाहुणी न समजता संशयित समजू लागतात. पोलीस ठाण्यात बैठक घेणं हेच मुळात काहींना जड जातं. शाळेत घ्या, महापालिकेच्या सभागृहात घ्या, कधी मशिदीच्या हॉलमध्ये, कधी विठ्ठल मंदिरात घ्या. 2020 च्या कोरोना साथीत पुण्यातल्या आझम कॅम्पस या शिक्षणसंकुलातल्या मशिदीचा हॉल विलगीकरणासाठी देऊ केला गेला, आणि त्याच वर्षी संतांच्या पादुका पायी वारीऐवजी एसटीने पंढरपूरला नेण्याचा निर्णय वारकऱ्यांनी जड मनाने स्वीकारला. शेकडो वर्षांची पायी वारी थांबवणं हे सरकारी आदेशाने एकट्याने झालं नसतं. पालखी सोहळ्याचे प्रमुख, मानकरी यांनी ते आपलं म्हणून केलं.

तुमच्या भागात हे बघायचं असेल तर वाट साधी आहे. पोलीस ठाण्यात जाऊन शांतता समितीत कोण आहे ते विचारा. धर्मादाय रुग्णालयात 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात, ही माहिती आपल्या देवळाच्या किंवा मशिदीच्या फलकावर लावायला सांगा. तिथे ती रोज शेकडो जण वाचतील. बालविवाहाची शंका आली तर 1098 वर फोन करा.

आणि पालखीच्या दिवशी नाना पेठ, भवानी पेठेत एक चक्कर टाका. तुकोबांची पालखी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाला आणि माउलींची भवानी पेठेतल्या पालखी विठोबाला मुक्कामी असते. ह्या पेठा पुण्यातल्या सर्वांत मिसळलेल्या. मशिदी, अग्यारी, बुद्धविहार, चर्च आणि रास्ता पेठेतलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. देहूहून निघाल्यावर तुकोबांच्या पालखीची पहिली आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होते, ती परंपरा इथवर चालत आल्यासारखी वाटते.

त्या पहिल्या बैठकीत सगळं बोलून झाल्यावर निरीक्षकांनी विचारलं होतं, "अजून कोणाचं काही?" तेव्हा काकू मागच्या रांगेतून उठल्या. "विसर्जनाच्या रात्री आम्ही बायका सात-आठ तास रस्त्यावर असतो. जायचं कुठे?" हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. मंडळांनी कधी विचार केला नव्हता, अभियंत्यांच्या वहीतही ते नव्हतं. मशिदीच्या विश्वस्तांपैकी एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "आमच्या मदरशाच्या मागे दोन आहेत. वेगळा दरवाजा आहे, रात्रभर दिवा लावून ठेवतो." फादर म्हणाले, शाळेचं फाटकही उघडं ठेवता येईल. महापालिकेने पाण्याचा टँकर आणि एक सफाई कर्मचारी द्यायचं कबूल केलं. त्या वर्षी विसर्जनाच्या रात्री दीड वाजता मी आणि काकू मदरशाच्या मागच्या दाराशी रांगेत उभ्या होतो. आमच्या पुढे नऊवारी नेसलेल्या, गळ्यात ताशा अडकवलेल्या दोन मुली होत्या, आणि दाराशी स्टुलावर बसलेली एक बुरख्यातली बाई प्रत्येकीच्या हातात साबणाची वडी देत होती.